रफूकाकांना ताण देऊ नये

रफूकाकांच्या हातचं रफू इतकं बेमालूम असायचं, की गिऱ्हाइकं भांडायला यायची. एक गृहस्थ तर नेलेला कोट दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले. "याच्या बाहीला भोक होतं. ते कुठाय?" काका म्हणाले, बुजवलं. गृहस्थ ऐकेनात. त्यांनी बाही भिंगातून बघितली, दिव्यासमोर धरली, उलटी केली, आणि शेवटी "भोक नाही म्हणजे हा कोटच माझा नाही" असं म्हणून कोट तिथेच टाकून चालते झाले. तेव्हापासून काम झालं की काका त्या जागेभोवती खडूने गोल काढून देऊ लागले. पुढे एकदा एक कसर आपण अर्धवट खाल्लेली शाल संपवायला परत आली, तर भोक जागेवर नाही. बिचारी परक्या घरात शिरल्यासारखी शरमली आणि माघारी गेली.

हे सगळं अर्थात काकांनीच सांगितलेलं. त्यातलं निम्मं खोटं. कुठलं निम्मं, हे फक्त काकूंना ठाऊक, आणि ते चारचौघांत सांगितल्याशिवाय काकूंच्या घशाखाली चहा उतरत नसे. "काहीतरीच! कसर कधी परत येते होय? आणि कोट त्याने टाकला नव्हता, तुम्ही द्यायला विसरलात." काकांनी थाप शिवायची, काकूंनी ती उसवायची, असा चाळीस वर्षांचा संसार. दोघांनाही त्यावाचून करमत नसे.

दुकान दोन हात रुंद. काका आत बसले की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. एका बाजूला वर घराकडे जाणारा जिना आणि दुसऱ्या बाजूला घड्याळं दुरुस्त करणारे शेजारी. त्यांना सगळे घड्याळजी म्हणत. काकांची थाप काकूंच्या तावडीतून सुटलीच, तर घड्याळजी ती भिंग डोळ्याला लावून तपासत.

तर या रफूकाकांचा उजवा हात कापला. कसा कापला, ते ऐकणाऱ्यावर अवलंबून होतं. घड्याळजींना त्यांनी सांगितलं की जिन्यात चोर आला होता आणि त्याचा सुरा काकांनी मुठीत धरला. दूधवाल्याला सांगितलं की वरच्या मजल्यावरून काचेचं तावदान पडत होतं, ते झेललं. खरी गोष्ट अशी, की काकूंनी मधुमेहाच्या भीतीने लपवलेला बिस्किटांचा डबा काकांना सापडला. झाकण घट्ट बसलं होतं. ते त्यांनी दात-ओठ खाऊन ओढलं, आणि पत्र्याची कड अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या खाचेत खोल गेली. नऊ टाके पडले.

टाके घालणारी हाताची डॉक्टरीण तरुण होती, पण तिचा हात मुरलेला होता. काका टेबलावर आडवे पडल्या पडल्या मान उंचावून बघत होते.

"डॉक्टर, तिसरा नि चौथा टाका जरा लांब पडला बघा."

"काका, हलू नका."

"हलत नाही. सांगतोय. आणि गाठ आतून मारायची असते. बाहेरून दिसते."

"ही गाठ पुढच्या पंधरवड्यात मला काढायचीय, म्हणून बाहेर."

"अस्सं. म्हणजे कच्ची शिलाई," काका म्हणाले, आणि शेजारी उभ्या असलेल्या नर्सला सुऱ्याची गोष्ट सांगू लागले. ते सुऱ्यात रंगले असतानाच डॉक्टरीण हातमोजे काढत काकूंना म्हणाली, "सहा आठवडे काळजी घ्यायची. ताण अजिबात नको. ताण आला की वण जाड होतो, आखडतो, मग अंगठा उघडत नाही. रफूचं काम म्हणालात ना? मग अंगठा गेला की काम गेलं." एवढं बोलून तिने कागदावर तीन ओळी लिहिल्या. पहिली ओळ होती : ताण टाळणे.

ज्या घरात ताण म्हटलं की कापड आठवतं, त्या घरातल्या काकू. त्यांनी तरी समजायला हवं होतं. पण नवऱ्याचं रक्त बघितलेल्या बायकोला शब्दाचे दोन अर्थ दिसत नाहीत, एकच दिसतो, आणि तो चुकीचा असतो. काकूंना आधीपासून वाटतच होतं की माणसाची निम्मी दुखणी मनस्तापाची असतात. आता डॉक्टरांनीच शिक्का मारला. घरी आल्यावर काका झोपलेत असं बघून त्यांनी सुनेला स्वयंपाकघरात ओढलं.

"ऐक. यांना ताण द्यायचा नाही. ताण आला की जखम आखडते. डॉक्टर स्वतः म्हणाल्या."

"बाबांना कसला ताण असतो, आई?"

"मी बोलते तो," काकू म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले.

सून एका कचेरीत फायली लावायचं काम करत होती. कुठलीही गोष्ट लिहून चिकटवल्याशिवाय तिला ती खरी वाटत नसे. तिने कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने, जिथे चहाचा डबा होता आणि म्हणून जिथे काकांचा हात आयुष्यात कधी गेला नव्हता, तिथे कागद लावला : 'रफूकाकांना ताण देऊ नये.' घड्याळजींना काकूंनी तोंडी बजावलं. आणि दुसऱ्या दिवसापासून काकांचे हाल सुरू झाले.

सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "आमच्या आज्याने एकदा ढगाला रफू केलं होतं. फाटून गळत होता."

काकूंनी कप खाली ठेवला. ओठ मिटले. मग उघडले. "हो का," त्या म्हणाल्या. "छान केलं."

काकांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी ढग मोठा केला, आज्याला शिडीवर चढवलं, शिडी गावातल्या सगळ्या शिड्या जोडून केली. काकू मान डोलावत राहिल्या. सून म्हणाली, "बाबा, किती हुशार होते हो पणजोबा!" काकांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. चहा निवून गेला.

दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी घड्याळजींना सांगितलं, की त्यांना झोपेत घड्याळाची टिकटिक उलटी ऐकू येते, आणि उलटी ऐकली की माणूस तेवढा तरुण होतो. एरवी घड्याळजींनी या वाक्याचे काटे, चाकं आणि स्प्रिंग वेगवेगळे काढून टेबलावर मांडले असते. आज ते भिंग पुसत म्हणाले, "होतं असं कधी कधी."

"काय होतं?" काका ओरडले.

"तुम्ही म्हणता ते."

थापाड्या माणसाची थाप कुणी खोटी पाडली नाही, तर ती त्याच्याच अंगावर पडते. चार दिवस काकांनी सहन केलं. पाचव्या दिवशी त्यांनी मुद्दाम, अगदी काकूंच्या तोंडावर सांगितलं, की लग्नाआधी त्यांना बावीस स्थळं सांगून आली होती. काकूंच्या गालावरचा स्नायू उडाला. गळ्याची शीर उभी राहिली. आणि त्या हसून म्हणाल्या, "येणारच हो. तुम्ही दिसायला होतातच तसे."

काकांनी हिशोब केला. ही बाई खोटं बोलतेय, आणि तेही प्रेमाने. याचा अर्थ एकच. डॉक्टरने हिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंय. अंगठा गेला. किंवा अंगठ्याबरोबर आणखीही बरंच काही जायचंय आणि माणसं आत्तापासून गोड बोलायला लागलीत.

विचारायचं कुणाला? विचारलं तर गोड उत्तर येणार. तेव्हा काकांनी स्वतःच तपासायचं ठरवलं, आणि इथे, ज्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते झालं.

पंधरवडा उलटून टाके निघाले होते. जखम वरून भरली होती. अंगठा हलू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी आधाराची प्लास्टिकची फळी बांधून दिली होती. काका रोज न्हाणीघरात जायचे, नळ मोठा सोडायचे, दातांनी फळीचे बंद सोडायचे आणि डाव्या हाताने उजवा अंगठा धरून बाहेर ओढायचे. पहिल्या दिवशी अंगठा आणि बोट यांच्यात मोठं रीळ मावलं. छान. दुसऱ्या दिवशी तेच रीळ घट्ट बसलं. म्हणून त्यांनी जास्त ओढलं. तिसऱ्या दिवशी रीळ जाईना. म्हणून झटका दिला. डोळ्यांपुढे तारे चमकले, पण रीळ गेलं. चौथ्या दिवशी मात्र जागा आणखी अरुंद. जितकं ओढावं तितकं ते आखडत होतं. वण लाल झाला, मग जाड झाला, मग एखादी सुतळी कातडीखाली शिवून टाकावी तसा वर आला. पाचव्या आठवड्यात त्या खाचेत कोटाचं बटण जेमतेम मावत होतं. अंगठा पहिल्या बोटाच्या कुशीत शिरून बसला होता, थंडीत पांघरूण ओढून घ्यावं तसा. सुई चिमटीत धरायची तर अंगठ्याने आधी बोटाला सोडून समोर यायला हवं. तो येईना.

बाहेर आले की काका फळी बांधून, हसतमुखाने सांगायचे, "आज तर अंगठ्याने दार उचललं." आणि काकू म्हणायच्या, "वा!"

सहा आठवडे झाले. दवाखान्यात बाकावर दोघं शेजारी बसली होती, दोघांचीही तोंडं कुलूप लावल्यासारखी. नाव पुकारलं तशी काकू दचकून उठल्या, आणि बाकाच्या कडेला वर आलेल्या खिळ्यात त्यांच्या लोकरी स्वेटरची बाही अडकली. टर्रकन आवाज झाला. कोपराजवळ दोन बोटं जातील एवढं फाटलं. काकूंनी फाटक्या बाहीकडे बघितलं, काकांनी बघितलं. दोघांच्याही मनात एकच आलं.

"अंगठा दाखवा," डॉक्टरीण म्हणाली.

"आजवर गिऱ्हाइकं मला दाखवत आली," काका म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता.

डॉक्टरिणीने फळी सोडली. वणावरून बोट फिरवलं. अंगठा हलकेच बाहेर न्यायला बघितलं, तो आला नाही. तिच्या कपाळाला आठी पडली. "यावर ताण आलाय," ती म्हणाली. "भरपूर. मी सांगितलं होतं ना, ताण नको म्हणून?"

एवढं ऐकलं आणि काकूंचा सहा आठवड्यांचा बांध फुटला.

"नाही हो डॉक्टर! देवाशपथ नाही! घरात कुणी वाकडा शब्द बोललं नाही! यांनी ढगाला शिवलं, मी छान म्हटलं. घड्याळ उलटं ऐकलं, शेजाऱ्यांना हो म्हणायला लावलं. बावीस स्थळं! बावीस! दुसरं एकही आलं नव्हतं हो, माझ्या वडिलांनीच यांच्या घरी तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे हे तयार झाले. तेसुद्धा मी गिळलं! आणखी किती ताण कमी करायचा माणसाचा?"

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. ती काकूंकडे बघत राहिली, मग कागदावरच्या आपल्याच पहिल्या ओळीकडे. ओठ दाबून धरायचा तिने प्रयत्न केला, पण नर्स आधी हसली, आणि मग तिचाही इलाज चालला नाही.

"काकू, ताण म्हणजे... ओढ. जखमेवरची ओढ. यांच्या मनावरचा नाही हो."

काकूंनी तो कागद ओढून पहिली ओळ पुन्हा वाचली. काकांना मात्र एकदम काहीतरी समजलं आणि ते खुर्चीतून अर्धे उठले.

"म्हणजे मी मरत नाहीये?"

"कोण म्हणालं?"

"ही! म्हणजे म्हणाली नाही. कशालाच नाही म्हणाली नाही, म्हणून तर!"

हसणं ओसरल्यावर डॉक्टरीण गंभीर झाली. वण असाच राहिला तर तो पुन्हा कापून सैल करावा लागेल आणि मांडीची कातडी आणून तिथे लावावी लागेल. या वयात त्यानंतर चिमूट पहिल्यासारखी होईलच, असं ती सांगू शकत नव्हती. "आठ आठवडे देते. हाताचे व्यायाम घेणाऱ्या आमच्या बाई आहेत, त्या म्हणतील तसं करा. अंगठा सुटला तर उत्तम. नाहीतर कापू."

"उसवून परत शिवायचं," काका पुटपुटले. रफूगाराला याहून मोठी शिवी नसते.

व्यायामबाईंची खोली तळमजल्यावर होती. टेबलावर रबरी चेंडू, कपडे वाळत घालायचे चिमटे, मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा, आणि एका परातीत कोरडे पावटे, त्यात बोटं खुपसायची. बाईंनी काकांचा वण बराच वेळ बघितला. मग सरळ विचारलं, "रोज कोण झटके देत होतं?"

"कुणी नाही," काका म्हणाले.

"काका, वण खोटं बोलत नाही."

काकांनी काकूंकडे बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदा, कुठलाही चोर आणि तावदान न आणता, त्यांनी सगळं सांगितलं. न्हाणीघर, नळ, रीळ, दातांनी सोडलेले बंद.

काकू ऐकत होत्या. त्यांचे डोळे बारीक झाले. "काहीतरीच!" त्या म्हणाल्या. "दातांनी बंद? तुमची कवळी बिस्किटाला टिकत नाही. थापा मारू नका!"

काकांचा चेहरा असा काही उजळला, की बाईंना वाटलं यांना औषध न देताच गुण आला.

"परत म्हण," काका म्हणाले.

"काय?"

"काहीतरीच म्हणालीस ते."

"काहीतरीच," काकू म्हणाल्या, आणि डोळे पुसू लागल्या.

मग बाईंनी समजावलं. जखम झाली की शरीरातल्या काही पेशी तिथे धावत येतात. त्यांना ना डोळे, ना कान. त्या बारीक धागे टाकतात, त्या धाग्यांत हातपाय रोवून बसतात आणि ओढून बघतात.

"म्हणजे रफूगारच की!" काका सरसावले.

"अगदी. पण घाबरट रफूगार. धागा ताठ लागला, की त्यांना वाटतं जखम अजून फाटतेय. मग आणखी धागे टाकतात आणि आणखी जोराने ओढतात. ओढून ओढून अंगाने पिळदार होतात, स्नायूसारख्या. त्यांच्या ओढण्याने जागा आणखी ताठ होते, आणि ताठ झाली म्हणून त्या पुन्हा ओढतात. तुम्ही झटका दिलात की तिकडे आरडाओरडा, 'फाटलं फाटलं, आणा धागे!' तुमच्या अंगठ्यात सध्या पैलवान बसलेत, काका."

"आणि सैल लागलं तर?"

"तर काम संपलं म्हणून निवांत होतात. पुष्कळशा तिथेच विरून जातात."

"मग सांगा त्यांना, शिवून झालंय, घरी जा म्हणून."

"ऐकू येत नाही ना. त्यांना फक्त ओढ कळते. म्हणून आपण बोलायचं तेही ओढीनेच. हळू. दुखणार नाही इतकं. आणि बराच वेळ. म्हणजे धागे हळूहळू नव्या लांबीला बसतात आणि ओरडा होत नाही."

काका मान खाली घालून आपल्या अंगठ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आटलेला लोकरी कोट येतो ना बाई, गरम पाण्यात धुतलेला. नवशिके तो दोन्हीकडून धरून ओढतात. वीण तुटते नि कोट वाकडा तो वाकडाच. आम्ही ओला करून फळीवर टाचण्यांनी लावतो. रोज टाचणी एक केसभर पुढे. कोटाला कळूच द्यायचं नाही की त्याला कुणी ओढतंय. पंधरा दिवसांत मापाला येतो." त्यांनी वर बघितलं. "चाळीस वर्षं लोकांना हे शिकवलं. आणि स्वतःच्या कातडीला नवशिक्यासारखा झटके देत बसलो."

"घाबरलेल्या माणसाकडून होतं," बाई म्हणाल्या. "पेशींकडूनही होतं."

मग बाईंनी गरम पाण्यात मऊ केलेलं प्लास्टिक अंगठ्याच्या खाचेत बसवून नवी फळी घडवली. जितका अंगठा आपखुशीने उघडत होता, त्याच्या केसभर पुढे. आठवड्याने ती पुन्हा मऊ करून आणखी केसभर पुढे. वणावर सिलिकॉनची पट्टी, दिवसातून चार वेळा तेलाचं बोट गोल गोल, आणि झटका बिलकूल नाही. काकांनी त्या फळीचं नाव टाचणी ठेवलं.

घरी गेल्यावर काकूंनी कपाटावरचा कागद टरकावला. मग जरा विचार करून सुनेला म्हणाल्या, "नवीन लिही. आता ताण द्यायला सांगितलाय. रोज, हळूहळू, बराच वेळ."

"आई, तो अंगठ्याला."

"अंगठा यांचाच आहे ना?" काकू म्हणाल्या, आणि लगेच बाहेरच्या खोलीत जाऊन ढगाच्या रफूपासून सुरुवात केली. "शिड्या जोडून केली म्हणे! तुमचे आजोबा खुर्चीवर चढले तरी त्यांना भोवळ यायची, हे मला सासूबाईंनी सांगितलंय." सहा आठवड्यांची थकबाकी होती. बावीस स्थळांना वेगळे तीन दिवस लागले. काका समोर बसून, फळीतला अंगठा पुढे करून, तृप्त चेहऱ्याने ऐकत होते. घड्याळजींनीही उलट्या टिकटिकीचे काटे एकेक करून काढले आणि वर म्हणाले, "तुम्ही तरुण होत असता, तर एव्हाना शाळेत घालावं लागलं असतं."

काका आता पेशींनाही गोष्टी सांगू लागले. तेलाचं बोट फिरवता फिरवता ते वणाशी बोलायचे. "काही झालेलं नाही हं. फाटलंबिटलं काही नाही. तुम्ही आपल्या सैल बसा. मी ओढतोय? छे! मी कशाला ओढू?" व्यायामबाईंनी एकदा हे ऐकलं.

"फसवताय त्यांना?"

"आयुष्यभर थापा मारल्या बाई. ही पहिलीच औषधी."

"फसवणूक नव्हे हो. समजूत घालताय. धागे खरंच लांब होतायत."

"तेच ते. चांगली थाप मारली की हळूहळू खरी होते."

पहिले दोन आठवडे काही झालं नाही. बटण ते बटणच. काकांना रोज न्हाणीघरात जाऊन एकच झटका द्यावासा वाटायचा, फक्त एक. एकदा त्यांनी नळ सोडलाही. पण नळाचा आवाज मोठा होताच काकू दाराबाहेरून ओरडल्या, "मी उभी आहे हं इथे!" आणि काकांनी निमूट हात धुतले. तिसऱ्या आठवड्यात वणाची लाली जरा उतरली. चौथ्यात लहान रीळ मावलं. काका ते रीळ खाचेत धरून सरळ जिना उतरून घड्याळजींना दाखवायला गेले. घड्याळजींनी भिंग लावून रीळ तपासलं आणि म्हणाले, "लहान आहे." काका खूष होऊन परत आले. सहाव्यात मोठं रीळ.

काकू तोच स्वेटर घालत होत्या. फाटलेल्या कोपराला पिन लावलेली. सून म्हणाली, मी शिवून देते. काकू म्हणाल्या, हात लावशील तर बघ. कोपऱ्यावरचा दुसरा रफूवाला चांगला होता. त्याचं नावही घरात निघालं नाही.

आठव्या आठवड्यात पुन्हा तोच बाक. तोच खिळा. काकू खिळ्यापासून हातभर लांब बसल्या होत्या आणि काकांच्या खिशात लोकरीचा गुंडा होता. अपघाताआधी त्यांच्या चिमटीत तो सहज मावत असे. सकाळपासून तो त्यांनी खाचेत घालून बघितला नव्हता. धीर होत नव्हता.

डॉक्टरिणीने अंगठा हातात घेतला. बाहेर नेला. तो गेला. आणखी नेला. गेला. समोर आणला, बोटाच्या टोकाला टेकवला, पुन्हा सोडला. वण दाबून बघितला. मऊ, फिकट, कातडीच्या पातळीला. डॉक्टरीण वणावरून पुन्हा बोट फिरवू लागली, तसे काका म्हणाले, "कापायचं तर सांगा. गोड बोलू नका. गोड बोलण्याची मला भीती वाटते."

"काय कापायचं?" डॉक्टरीण म्हणाली. "कापण्यासारखं काही शिल्लक नाही. जा, सुई धरा."

काकूंचा जीव भांड्यात पडला, तो आवाज बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेला म्हणतात.

काका बाहेर आले. त्यांनी खिशातून गुंडा काढला, अंगठा आणि बोट यांच्यात धरला. मावला. मग त्यांनी कॉलरच्या आतल्या बाजूला खोचलेली सुई काढली. ती तिथे सव्वातीन महिने, त्यांच्या प्रत्येक सदऱ्यातून प्रत्येक सदऱ्यात, मुक्काम हलवत आली होती.

"बस," ते काकूंना म्हणाले. "बाही पुढे कर."

"इथे? दवाखान्यात?"

"जिथे फाटलं तिथेच."

त्यांनी स्वेटरच्या आतल्या शिवणीतून लोकर सोडवली, सुईत ओवली. ओवायला तीन खेपा लागल्या. मग उभे धागे टाकले, आडवे त्यांच्यातून वर-खाली नेले. अंगठा मधेच थकायचा, थरथरायचा. ते थांबायचे, आणि पुन्हा. नर्स दोनदा बघून गेली. पुढचा पेशंट आत गेला आणि बाहेरही आला. शेवटचा धागा आत घालून काकांनी सुई पुन्हा कॉलरला लावली आणि मागे टेकून बसले.

काकूंनी कोपर वळवून बघितलं. डोळ्यांजवळ नेलं. बोटाने चाचपलं.

"इथे दिसतंय हो," त्या म्हणाल्या. "एका बाजूला चुणलंय."

खरंच चुणलं होतं. तिसरा धागा काकांनी जरा जास्त ओढला होता. चाळीस वर्षांत कुणी त्यांचं रफू शोधून काढलं नव्हतं, खडूच्या गोलाशिवाय.

"ते चुणलेलं नाही," काका म्हणाले. "तिथे तुझं कोपर टोकदार आहे. लोकर बिचारी घाबरून आखडली."

"काहीतरीच!" काकू म्हणाल्या, आणि उठताना त्या खिळ्याला बाही लागणार नाही अशा बेताने, त्यांनी काकांचा उजवा हात धरला. अंगठा बाहेर ठेवून.